रात्रपाळी

मालेगावात रात्रपाळी म्हटलं की कोणालाही माग आठवतात. १९३० नंतरच्या दशकात इथे यंत्रमाग आले, आणि तेव्हापासून हे गाव रात्री पूर्ण झोपलंय असं फारसं झालेलं नाही. आमचं घर संगमेश्वरात. दिवसा रस्त्याच्या गोंगाटात मागांचा आवाज वेगळा कळत नाही, पण रात्री अकरानंतर रहदारी थांबली की नदीपलीकडून तो येऊ लागतो. खटक-खटक, खटक-खटक... बाहेरगावच्या पाहुण्याला पहिल्या रात्री झोप लागत नाही. आम्हाला उलट शुक्रवारी, माग बंद असतात त्या दिवशी, चुकल्याचुकल्यासारखं होतं.

छत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, पण रात्रपाळी करायची वेळ कधी आली नाही. ती आली वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, डिसेंबर २०२४ मध्ये. आणि ती मागावरची नव्हती.

झालं असं. आमच्या धाकटीला लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस गेले. किती डॉक्टर, किती तपासण्या, किती नवस, ते इथे लिहीत नाही. सातवा महिना लागला तेव्हा एका रात्री तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "बाबा, मी इथेच पुण्यात राहते बाळंतपणाला. एखादी बाई ठेवू."

मी विचारलं, "का गं?"

थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आई नाहीये ना आता."

आमची ही २०२१ च्या उन्हाळ्यात गेली. घर तेच, गाव तेच, खोली तीच, पण मुलीच्या लेखी माहेर उरलं नव्हतं. हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. मी म्हणालो, "मी आहे ना. तू ये."

फोन ठेवल्यावर मात्र पोटात गोळा आला. 'मी आहे ना' म्हणणं सोपं. मी म्हणजे कोण? पहाटे उठून चहा करणारा, वरण-भात लावता येणारा, बाकी पोळीभाजीच्या डब्यावर जगणारा एकटा म्हातारा. धुळ्याला माझी बहीण असते, तिला कळल्यावर ती म्हणाली, "दादा, बाळंतपण म्हणजे काय शाळेची सहल वाटली का तुला?" तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, नाहीतर तीच आली असती. (ताई, हे वाचशील तेव्हा रागावू नकोस. तू म्हणालीस ते खरंच होतं.)

सासरी ठेवायचं म्हटलं तर तिथे व्याही दोन वर्षांपासून अर्धांगवायूने अंथरुणावर. विहीणबाई एकट्या त्यांचं सगळं करतात. तरीसुद्धा कोणाला तरी त्यांच्यापाशी बसवून त्या दवाखान्यात तीन रात्री राहिल्या. सिझेरियन झालं. मुलगी झाली. वजन दोन किलो नऊशे.

चौथ्या दिवशी सकाळी घरी सोडलं. विहीणबाईंना परत जाणं भागच होतं. जावईबापूंची रजा संपत आली होती, तेही त्यांच्याबरोबर निघाले. निघताना विहीणबाईंनी माझ्या चेहऱ्यावरचं वाचलं असावं. म्हणाल्या, "सर, मी घरी ह्यांचं रोज करतेच की. ह्यांचं तर वजन सत्तर किलो. तुमची तर तीन किलोसुद्धा नाही. जमेल तुम्हाला."

कसलं 'करतेच की', ते त्यांनी शब्दांत सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

दवाखान्यातल्या सिस्टरने मला सगळं समोर करून दाखवलं होतं. मी वहीत लिहून घेतलं. जुना डायपर सोडण्याआधी नवा उघडून खाली सरकवायचा. मुलगी असेल तर पुसताना नेहमी पुढून मागे, कधीही मागून पुढे नाही, नाहीतर शीतले जंतू लघवीच्या वाटेला लागतात. नाळ अजून पडलेली नाही, म्हणून डायपरची पुढची कड नाळेच्या खाली दुमडायची. कमरेशी दोन बोटं जातील एवढी सैल ठेवायची. मांड्यांपाशी जी झालर असते ती बोटाने बाहेर काढायची, आत दुमडली गेली की गळते. कोमट पाणी आणि कापूस जवळ असावा. एक हात सतत बाळावर असावा. सिस्टरला वाटलं असेल, हा म्हातारा परीक्षेला बसणार आहे की काय!

आणि मी खरोखरच जुन्या हजेरीपटासारख्या रेघा मारून एक वही केली. रकाने चार : वेळ, दूध, शू, शी. वर शीर्षक घातलं, 'रात्रपाळी'. धाकटी टाके दुखत असूनही हसली.

तो पहिला दिवस फार छान गेला. म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं. बाळ दिवसभर झोपून होतं. धाकटीही दमलेली, औषधांनी गुंगलेली, तीही झोपली. मी दार लोटून घेतलं, शेजारपाजाऱ्यांना दारातूनच परत पाठवलं, मोबाइल मुका केला. दुपारी एकदा डायपर उघडून बघितला तर कोरडा. संध्याकाळी बघितला, जवळजवळ कोरडाच. मी मनात त्या डायपरचं कौतुक केलं, काय सोय केली आहे माणसाने! थोरला बंगळुरूला असतो, त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "फार शहाणं बाळ आहे रे, रडतसुद्धा नाही."

रात्री अडीचला धाकटीने हाक मारली. बाळ कुरकुरत होतं. मी दिवा लावला, पाणी ओतलं, डायपर सोडला, आणि माझे हात थांबले. मधोमध रुपयाच्या नाण्याएवढा विटकरी-तांबडा डाग होता.

मला तो रक्ताचा वाटला.

मंडळी, त्या पाव मिनिटात माझ्या डोक्यात काय काय आलं ते सांगता येणार नाही. धाकटीला उठता येत नव्हतं, तिला पलंगावरून दिसत नव्हतं. तिने विचारलं, "काय झालं बाबा?" एक मन म्हणालं, काही नाही म्हण, नवा डायपर बांध, सकाळी बघू. नऊ वर्षांनी झालेली आई, पोटावर टाके... तिला या वेळी कशाला सांगायचं? पण मग वाटलं, मूल तिचं आहे. मी तो डायपर उचलून तिला दाखवला. ती रडायलाच लागली. मलाही रडू आलं, पण मी ते बाळाला पुसण्यात घालवलं.

दवाखान्याच्या कागदावर डॉक्टरांचा नंबर होता. लावू की नको असं करत पावणेतीनला लावला. डॉक्टरांनी उचलला. आवाजात झोप होती, पण त्रासिकपणा नव्हता. मी घाईघाईने सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "बाळ ओढून दूध पितंय का?" आणि "चोवीस तासांत किती वेळा शू केली?"

मी वही उघडली. शूच्या रकान्यात दोन काड्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, "रक्त नसावं ते. लघवी फार घट्ट झाली की युरिक अॅसिडचे खडे उतरतात, त्याचा असा विटेच्या भुग्यासारखा रंग दिसतो. पहिल्या एक-दोन दिवसांत दिसला तर मी म्हणालो असतो काळजी नको. चौथ्या-पाचव्या दिवशी दिसतोय याचा अर्थ पोटात दूध कमी जातंय. आत्ता लगेच बाळाला जागं करा आणि आईकडे द्या. सकाळपर्यंत दर दोन तासांनी. झोपलं असेल तरी उठवून. नऊ वाजता घेऊन या."

म्हणजे मी दिवसभर ज्याला शहाणपण समजत होतो ती गळाठलेल्या बाळाची झोप होती. आणि डायपर कोरडा होता तो डायपर चांगला म्हणून नव्हे, शू होतच नव्हती म्हणून. दोघींना विश्रांती मिळावी म्हणून दार लोटलं होतं मी!

त्या रात्री धाकटीला उशांचा टेका देऊन बसवलं, बाळाच्या तळपायांना टिचक्या मारत, कानाची पाळी चोळत जागं ठेवलं. तीन वाजता, पाच वाजता, सात वाजता. सकाळी काट्यावर ठेवलं तर दोन किलो सहाशे दहा. डॉक्टरांनी कागदावर हिशेब करून दाखवला. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, सात टक्क्यांपर्यंत चालतं, दहा टक्के म्हणजे डोळ्यांत तेल घालून बघायचं. आमचं बरोबर दहा टक्के झालं होतं. त्यांनी बाळाला अंगाशी धरायची पद्धत धाकटीला पुन्हा शिकवली, सिझेरियननंतर दूध उतरायला कधीकधी उशीर लागतो हे समजावलं, आणि मला म्हणाले, "आजोबा, तुमची वही चालू ठेवा. आता दिवसाला निदान सहा ओल्या पाहिजेत. आणि शीचा रंग लिहा. काळी जाऊन हिरवट झाली आहे, ती मोहरीसारखी पिवळी झाली की दूध पोचतंय समजा."

घरी येताना रिक्षात मला हिची आठवण येत होती. धाकटी १९८९ च्या जानेवारीत झाली, याच घरात वाढली. त्या वेळी डायपर कुठले? लंगोट आणि दुपटी. ही झोपेत असली तरी तिचा हात बाळाखाली फिरून यायचा. ओलं लागलं की दिवा न लावता बदलायची. मी एकदा विचारलं होतं, "अंधारात कळतं कसं तुला?" ती म्हणाली, "हाताला कळतं." तिला वहीची गरज नव्हती. कापड ओलं झालं की ओलं लागतं, कोरडं राहिलं की कोरडं. बाळाने दिवसभरात काय केलं ते दांडीवर वाळत घातलेल्या लंगोटांवरून सगळ्या घराला कळायचं.

मी बी.ए.चा माणूस, विज्ञानाशी संबंध वर्तमानपत्रापुरता. पण त्या दुपारी एक कोरा डायपर घेऊन स्वयंपाकघरात प्रयोग केला. औषधाच्या मापाने पाणी ओतत गेलो. अर्धा कप झाला, कप झाला, तरी वरून हात लावला तर हाताला नुसता गारवा. मग कात्रीने फाडून बघितला. आत कापसासारखा लगदा आणि त्यात साबुदाण्याच्या खिचडीसारखा फुगलेला चिकट पदार्थ. सोडियम पॉलिॲक्रिलेट नावाची ती भुकटी आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते आणि दाबलं तरी सोडत नाही. लघवीत क्षार असतात म्हणून तिथे तिची ताकद साध्या पाण्याएवढी नसते, पण पुरेशी असते. तान्ह्या बाळाची एका वेळची शू ती दोन-तीन चमच्यांएवढी. ती या भुकटीत कुठल्या कुठे जाते. डायपरवर एक पिवळी रेघ असते, ओला झाला की ती निळी होते. सिस्टरने हे सांगितलं होतं, मी वहीत लिहिलंही होतं. पण रेघ दिवसभर पिवळी राहिली तर घाबरायचं, हे मला उमगलं नव्हतं.

माणसं रात्रीच्या या कामाला किती कंटाळली असतील त्याचा इतिहासही नंतर वाचला. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन नावाच्या एका आईने १९४६ साली न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा कापून लंगोटावर चढवायचं आवरण शिवलं. १९६१ मध्ये पॅम्पर्स बाजारात आलं, त्यामागे व्हिक्टर मिल्स नावाचे रसायन अभियंते होते. ते आजोबा होते, बरं का! नातवंडाचे लंगोट बदलायचा त्यांना मनस्वी कंटाळा आला म्हणून एकदा वापरून टाकून द्यायच्या लंगोटाच्या कामाला त्यांनी आपली माणसं लावली. एका आजोबाच्या कंटाळ्याने जग बदललं म्हणायचं.

आणि आपल्याकडे? गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय, १९०० साली दक्षिण आफ्रिकेत देवदासचा जन्म झाला तेव्हा प्रसूती अचानक सुरू झाली, डॉक्टर लगेच मिळेनात, दाई यायला उशीर झाला, तेव्हा बाळाला सुखरूप जगात आणायचं काम त्यांनी स्वतः केलं. डॉ. त्रिभुवनदासांचं 'मा ने शिखामण' हे पुस्तक त्यांनी आधीच बारकाईने वाचून ठेवलं होतं. शेवटच्या दोन मुलांची तान्हेपणी देखभाल स्वतः केली असंही त्यांनी लिहिलं आहे. आत्मकथेतले उतारे मी वर्गात कितीदा वाचून दाखवले असतील. पण हे पान शाळेतून घरी काही मी आणलं नाही.

तर डॉक्टरांकडून आल्यावर आम्ही ठरवलं, दिवसा लंगोट आणि रात्री डायपर. पण लंगोट आणायचे कुठून? धाकटीच म्हणाली, "बाबा, माळ्यावर आईचं एक गाठोडं आहे बघा."

होतं. हिने हयातभर ते टाकू दिलं नव्हतं. दर दिवाळीला माळा आवरताना मी म्हणायचो, "ही जुनी चिंध्यांची मोट काढून टाकू." ती म्हणायची, "राहू द्या." मला वाटायचं, बायकांचा साठवण्याचा सोस. शिडी लावून न्हाणाऱ्या मावशींच्या मुलाने ते खाली काढलं. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला, आणि पाल्याच्या चुऱ्यात घडी घालून ठेवलेले त्रिकोणी लंगोट. मोजले, बावीस होते. काही माझ्या वडिलांच्या धोतरांचे, काही तिच्या स्वतःच्या सुती लुगड्यांचे. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड, कमरेचे बंद मात्र नवे. धाकटीच्या लग्नानंतर केव्हातरी तिने जुने बंद उसवून नवे लावले असावेत. मला त्याचा पत्ताही नव्हता.

न्हाणाऱ्या मावशींनी ते उकळत्या पाण्यात घातले, गच्चीवर कडक उन्हात वाळवले. त्या मूळच्या बागलाणच्या, अहिराणी बोलतात. मला दांडीवरून लंगोट गोळा करताना बघून म्हणाल्या, "सर, आते तुम्हीच तिनी माय शेतस." मी काही बोललो नाही. घड्या घालत राहिलो.

त्या दिवशी पाचवी होती. घरात वडीलधारी बाई नाही म्हणून मोठं काही केलं नाही, पण मावशींनी पाटावर सुपारी मांडली, दिवा लावला. सटवाई रात्री येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची पद्धत आहे. मावशींनी कोरा कागद मागितला. मी शोधला, मिळेना. शेवटी माझी वहीच पाटावर ठेवली, 'रात्रपाळी' शीर्षकाची, वर पेन. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण त्या रात्री मी तसा हट्ट धरून काही बोललो नाही.

पाचवीच्या रात्री जागायचं असतं. आम्हाला तर डॉक्टरांनीच जागायला सांगितलं होतं. थंडी कडाक्याची. अकराला एक ओला. एकला एक ओला. तीनला लंगोट बघायला हात घातला (रात्रीसुद्धा आम्ही त्या दिवशी लंगोटच ठेवले होते, डायपरवर विश्वास ठेवायचं धाडस नव्हतं), तर चांगला चिंब, खालचं दुपटंही भिजलेलं. आणि सोबत शी. दिव्याजवळ नेऊन पाहिली. पिवळी! अगदी कुटलेल्या मोहरीसारखी. आयुष्यात इतका आनंद मला कोणाच्या बोर्डाच्या निकालानेसुद्धा झाला नसेल. पाटावरची वही उचलली आणि काडी मारली. तिथे दुसऱ्या कोणी काही लिहिलेलं नव्हतं.

बाळ पिऊ लागलं. मी पाठ फिरवून खुर्चीत बसलो. बाहेरून माग ऐकू येत होते. त्या आवाजात मला दुसराच आवाज आठवला. पूर्वी आमच्याकडे नळ पहाटे चारला यायचा. झोपेत मला मागांच्या खटक-खटक बरोबर एक जवळची धप-धप ऐकू यायची आणि मी कूस बदलून पुन्हा झोपायचो. हीच ती, मोरीत रात्रीचे लंगोट धोपटत असायची. इतकी वर्षं त्या आवाजाचं काय ते मी मनात कधी वेगळं काढलंच नव्हतं.

मग एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवेना. धाकटीला म्हणालो, "तू दोन-अडीच महिन्यांची असताना माझ्याकडे बोर्डाचे पेपर आले होते तपासायला. मार्च-एप्रिल होता. तू रात्री रडायचीस. मी तुझ्या आईला म्हणालो होतो, हिला घेऊन पलीकडे जा, मला पेपर वेळेत पाठवायचेत. मग पेपर संपेपर्यंत ती तुला घेऊन स्वयंपाकघरात झोपली."

धाकटी म्हणाली, "माहितीये मला. आईने सांगितलं होतं."

"काय म्हणाली ती?"

"काही नाही. म्हणाली, स्वयंपाकघरात पंखा नव्हता."

मालेगावचा मार्च-एप्रिल ज्यांनी अनुभवलाय त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. घरात एकच पंखा होता. तो माझ्या टेबलावर फिरत होता, आणि पेपर उडू नयेत म्हणून मी त्यावर वजनं ठेवत होतो.

हिने मला हे कधी ऐकवलं नाही. तिला राग होता का? नुसती आठवण सांगितली होती का? आता विचारायला ती नाही. धाकटीलाही मी पुढे काही विचारलं नाही. ती म्हणाली, "बाबा, हिला घ्या, ढेकर काढा." मी बाळाला खांद्यावर घेतलं.

दोन दिवसांनी वजन वाढायला लागलं. चौदाव्या दिवशी दोन किलो नऊशे वीस भरलं, म्हणजे जन्माचं वजन ओलांडलं. वहीत तेव्हा दिवसाला सात-आठ काड्या पडत होत्या. हळूहळू रात्री डायपरही वापरू लागलो, लंगोट रात्री दर तासाला बदलून बाळंतिणीची झोप मोडण्यात अर्थ नव्हता. मी डायपरच्या विरोधात नाही. त्या सोयीने आयांचे किती हात आणि किती झोप वाचली असेल! फक्त पहिले आठ-दहा दिवस तो वापरणार असाल तर मोजा. पिवळी रेघ निळी होते की नाही बघा. डायपर वजनाला जड लागतो का ते हाताने पाहा. आणि वापरलेला डायपर घंटागाडीत तसाच टाकू नका. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत तो नीट गुंडाळून द्यायला सांगितलं होतं, आणि नियम नसता तरी कचरा हाताने वेगळा करणाऱ्या माणसाचा विचार करायला काय हरकत आहे? मी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल पेनाने फुली मारत असे. लाल पेन घरात भरपूर.

तिसऱ्या आठवड्यात जावईबापू चार दिवसांसाठी आले. शुक्रवारी रात्री पोचले. माग बंद, गाव गप्प, आणि बाळाला झोप येईना. (तिलाही त्या आवाजाची सवय झाली असावी!) त्यांनी मोठ्या आदराने मला सांगितलं, "बाबा, तुम्ही झोपा आता, आम्ही बघतो." पण पहिल्या हाकेला पुन्हा मीच उठलो, ते शेजारी उभे राहून बघत होते. हात कसे मध्ये घालावेत हे त्यांना कळत नव्हतं. मला त्यांच्या जागी १९८९ सालचा मी दिसलो. फरक एवढाच की ते उभे होते, मी तर झोपलेलो असायचो.

मी बाजूला झालो. म्हणालो, "या इकडे. नवा आधी खाली सरकवा. हं. आता पुसा. पुढून मागे." पहिल्यांदा त्यांनी झालर आत दुमडली, तासाभरात सगळं गळलं, पांघरूण बदलावं लागलं. ते ओशाळले. मी म्हणालो, "पहिल्या चाचणीत कोणी पास होत नाही. मी तर जवळजवळ नापासच झालो होतो." आणि वही त्यांच्या हातात दिली.

शनिवारी रात्री माग सुरू झाले. तीनच्या सुमाराला मला जाग आली. आतून धाकटीची हाक आली. या वेळी 'बाबा' अशी नव्हती, नवऱ्याच्या नावाने होती. दिवा लागला. थर्मासचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मी उठून बसलो होतो, तसाच थोडा वेळ बसलो. मग पेनाची टिकटिक ऐकू आली. काडी मारली असणार.

मी आडवा झालो, पण झोप काही लागली नाही. माग चालू होते.

आता नात दीड वर्षाची होत आली, पुण्याला धावते, फोनवर मला 'आबू' म्हणते. बावीस लंगोट धुऊन, कडुनिंबाचा नवा पाला घालून पुन्हा माळ्यावर ठेवले आहेत. बंद तपासले, एक सैल झाला होता. तो मी शिवला. टाका नीट आला नाही, पण टिकेल.

असो.